घुमट जपला, सभागृहाचे काय?

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महानगरपालिकेतील नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे मुख्यालयातल्या सभागृहात एकही महासभा भरली नाही. याच काळात त्या इमारतीवर सणावाराला रोषणाई होत होती. २०२१ च्या जानेवारीत सुरू झालेल्या हेरिटेज वॉकमध्ये शनिवार-रविवारी लोक घुमटाखालचा जिना बघायला येत होते. समोरच्या पदपथावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी रोजचीच होती. मुंबईने आपला एक मोठा वारसा नीट सांभाळला आहे, असे बघणाऱ्याला वाटावे अशीच सगळी परिस्थिती होती.

मला तसे वाटत नाही. ही इमारत ज्या कामासाठी उभी राहिली ते काम बंद पडलेले असताना तिचा दगड स्वच्छ असणे, रंगीत काचा शाबूत असणे याला वारसा जपणे म्हणता येणार नाही. वास्तूचे संवर्धन करताना आपण तिच्या वापराचेही संवर्धन केले पाहिजे, आणि मुंबई पालिकेच्या बाबतीत हा वापर म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी लोकांदेखत शहराच्या पैशाचा हिशेब मागणे. हे म्हणणे केवळ भावनेचे नाही. इमारतीचा इतिहासच त्या बाजूने साक्ष देतो.

१८६५ च्या कायद्याने मुंबईला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, तो आर्थर क्रॉफर्ड. माणूस कामाचा होता. मंडया, रस्ते, गटारे, साफसफाई अशा सगळ्याच कामांना त्याने एकदम हात घातला. पण कारभार एकहाती होता आणि खर्चावर लगाम ठेवणारे प्रत्यक्षात कोणी नव्हते. नावाला जस्टिस ऑफ द पीस मंडळींची सभा होती. तिचे सभासद सरकारने नेमलेले. त्याच सुमारास अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला आणि ज्या पैशाच्या भरवशावर शहर धावत होते तो पैसाच नाहीसा झाला. कराचा बोजा मात्र वाढतच गेला. १८७१ मध्ये करदाते उघड उघड बिथरले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी म्युनिसिपल सुधारणेवर निबंध वाचला. दोष एकट्या क्रॉफर्डचा नसून रचनेचा आहे, अधिकारी कर्तबगार असावा पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेली सभा असावी, असे त्यांचे म्हणणे होते. क्रॉफर्डवर चिडलेल्या श्रोत्यांना त्याच्याबद्दल चार बरे शब्द ऐकवणारे हे भाषण मुळीच आवडले नाही. पण पुढच्याच वर्षीचा कायदा बऱ्याच अंशी याच दिशेने गेला. ६४ सभासद, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. ४ सप्टेंबर १८७३ रोजी या नव्या कॉर्पोरेशनची पहिली सभा झाली.

सभा अस्तित्वात आली, पण तिला साजेशी जागा नव्हती. फोर्टात टाऊन हॉल होता, आजही आहे. एशियाटिक सोसायटीची पायऱ्यांची इमारत. तो १८३३ चा, लॉटरीच्या पैशांतून सुरू झालेला आणि कंपनी सरकारने पुरा केलेला. त्याची जडणघडण ग्रीक मंदिरासारखी आहे आणि कंपनीच्या काळातल्या बड्या गोऱ्या समाजाच्या समारंभांना तो शोभत असे. करदात्यांच्या सभेचे घर वेगळे हवे होते. १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव काढणारे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्याच हातून डिसेंबर १८८४ मध्ये, त्यांचा इथला कार्यकाळ आटोपता आटोपता, नव्या इमारतीचा पायाचा दगड बसवला गेला. प्रत्यक्ष काम सुरू झाले २५ एप्रिल १८८९ ला. मधल्या काळात १८८८ चा म्युनिसिपल कायदा झाला. त्याची घडण करण्यात मेहतांबरोबर काशीनाथ त्र्यंबक तेलंगांचा मोठा वाटा होता आणि अनेक दुरुस्त्यांसह तोच कायदा आजही मुंबई पालिकेला लागू आहे. म्हणजे कायदा आणि वास्तू जवळजवळ एकाच वेळी घडत होत्या. आपण एकीकडे पर्यटनाच्या नजरेने पाहतो, दुसऱ्याकडे वकिलांच्या. पण त्या एकाच विचारातून आल्या.

इमारत कोणत्या शैलीत बांधायची यावरही विचार झाला. रॉबर्ट चिझमचा आराखडा इंडो-सारासेनिक, म्हणजे भारतीय-इस्लामी घडणीचा होता, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीचा. निवड स्टीव्हन्सची झाली. समोरचे व्हिक्टोरिया टर्मिनस त्याचेच; ते नुकतेच पुरे झाले होते. जागा अडचणीची होती. आजचे महापालिका मार्ग आणि दादाभाई नौरोजी रोड जिथे मिळतात तिथला निमुळता कोपरा. स्टीव्हन्सने तो कोपराच इमारतीचे तोंड केले. दोन्ही रस्त्यांच्या कडेने दोन बाजू मागे पसरत जातात आणि मधोमध २५५ फुटांचा मनोरा उभा राहतो. दर्शनी भागाच्या माथ्यावर पंख असलेली एक स्त्री-आकृती आहे, ती या नगरीचे प्रतीक. कमानी गॉथिक आहेत, पण वरचे घुमट पाहा: ते फुगीर, कांद्याच्या आकाराचे, या देशातल्या मशिदी आणि मकबऱ्यांची ओळख सांगणारे आहेत. स्पर्धेत गॉथिक जिंकले खरे, पण स्टीव्हन्सने हरलेल्या बाजूचेही बरेच काही उचलले. माझ्या मते व्ही.टी.पेक्षा ही इमारत जास्त विचारी आहे. व्ही.टी. रेल्वे कंपनीचे वैभव सांगते आणि नक्षीत कुठेही हात आखडत नाही. इथे नक्षी आहे, पण डोळा सतत मनोऱ्याकडे आणि मग खाली दरवाजाकडे येतो.

आत मुख्य जिना मधल्या घुमटाखाली आहे. आणि मग सभागृह. सुमारे ६५ फूट लांब, ३२ फूट रुंद, ३८ फुटांवर सागवानी छत. पालिकेच्या कचेऱ्या बाकी सगळ्या इमारतीत आहेत, लेखा, पाणी, आरोग्य, कर, असंख्य टेबले आणि फायली. पण एवढी उंची आणि एवढे लाकूडकाम या एका दालनाला दिले गेले. कमिशनरचे दालन मोठे असले तरी इमारतीतली सर्वांत देखणी खोली त्याची नाही, सभेची आहे. वास्तुविशारदाने आराखड्यातच मानाचा क्रम ठरवून टाकला होता.

३१ जुलै १८९३ रोजी काम पुरे झाले. अंदाजपत्रक ११,८८,०८२ रुपयांचे, प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले. हा आकडा मुंबईत वारंवार सांगितला जातो आणि त्यामागचा सूर बहुधा ‘इंग्रजांच्या काळी काम कसे चोख होई’ असा असतो. तो मला पटत नाही. कामावर देखरेख करणारे अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते आणि कंत्राटदार होते व्यंकू बाळोजी काळेवार. स्टीव्हन्सचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, या दोघांचे नसते. आणि हेही लक्षात घ्यावे की क्रॉफर्डही इंग्रजच होता. कर्तबगार इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती शहर कर्जात गेले होते. दोन काळांत फरक एवढाच होता की १८८९ नंतरच्या खर्चावर करदात्यांची सभा बसलेली होती आणि तिच्यातल्या पुष्कळांना १८७१ आठवत होते. काटकसरीचे श्रेय द्यायचेच तर ते वैद्य-काळेवारांना आणि हिशेब विचारणाऱ्या त्या सभेला द्यावे.

अर्थात ती सभा आजच्या अर्थाने लोकांची नव्हती. साडेसहा लाखांच्या मुंबईत १८७३ ला मतदार काही हजारच होते. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणारा घाटावरचा माणूस, कोकणातून आलेला हमाल, वाड्यावाड्यांतून केर उचलणारी पालिकेचीच सफाई कामगार बाई, यांच्यापैकी कुणालाही मत नव्हते. १९२२ मध्ये महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यांपर्यंत मताधिकार खाली आला. प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक झाली ती थेट १९४८ ला. म्हणून ‘हा तर वसाहतीचा वारसा, त्याचे एवढे कौतुक कशाला’ असा जो आक्षेप घेतला जातो, तो मी झटकून टाकत नाही. आक्षेपाला उत्तर मात्र त्याच खोलीत मिळते. १९५६ मध्ये सुलोचना मोदी या मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या काळात १९५८ ला महापौर झाले कॉम्रेड एस. एस. मिरजकर. गिरणी कामगारांचे हे पुढारी, ज्यांना ब्रिटिश सरकारने मीरत कटाच्या खटल्यात गोवून तुरुंगात टाकले होते. पुढच्याच वर्षी पी. टी. बोराळे मुंबईचे पहिले दलित महापौर झाले. ज्या सभेचे दार आधी मूठभर करदात्यांसाठी उघडले होते, ते गिरणगावाने आणि चाळींनी लढून रुंद करून घेतले. इमारत साहेबाने रेखाटली, पण सभागृहाला अर्थ आला तो या माणसांमुळे. तो वारसा ब्रिटिशांचा कसा म्हणणार?

आक्षेपाची दुसरी बाजू खर्चाची आहे आणि ती महाराष्ट्राला फार जुनी ओळखीची आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदार, त्यामुळे दगड-चुन्याचा भाव त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचा राग इमारतींवर नव्हता, दिखाव्यावर होता. मुंबई पालिकेच्या मुख्यालयापासून पाच-सात मिनिटांवर असलेल्या क्रॉफर्ड मार्केटला आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. एकहाती खर्च करणाऱ्या कमिशनरने उभारलेल्या मंडईला, सभेत एकट्याने ‘नाही’ म्हणणाऱ्या सभासदाचे नाव मिळाले, ही मला फार योग्य गोष्ट वाटते. जोतीरावांची कसोटी या मुख्यालयालाही लावावी. रोषणाईवर खर्च होत असेल तर त्याच इमारतीत त्या खर्चाला ‘नाही’ म्हणण्याची जागा चालू आहे का? २०२२ ते २०२६ या काळात ती चालू नव्हती.

सभेचा अधिकार काढून घेण्याचा प्रकार नवा नाही, हेही सांगायला हवे. इमारत पुरी होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला. शहर हादरले. गलिच्छ वस्त्या हटवणे, नवे रस्ते, नवी घरे हे काम तातडीचे झाले आणि सरकारने ते पालिकेकडे न देता १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची वेगळी संस्था काढली. कारण तेव्हाही हेच दिले गेले की निवडलेली सभा संथ असते, काम वेगाने व्हायला हवे. प्रिन्सेस स्ट्रीट झाला, सँडहर्स्ट रोड झाला, दादर-माटुंगा वसले. हे सगळे चांगलेच. पण जुन्या वस्त्या पाडताना तिथल्या माणसांनी कुठे जायचे, हा प्रश्न सभेत लोकांसमोर चर्चिला गेला असता तसा ट्रस्टमध्ये चर्चिला गेला नाही. अखेर १९३३ ला ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षांत पुन्हा तेच: १९७५ ला महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, पुढे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. आज मुंबईतला मोठा पूल, मेट्रो, पुनर्विकास यांवरचे अनेक निर्णय त्या सागवानी छताखाली येतच नाहीत. इमारत जशीच्या तशी राहिली आणि तिच्यातल्या सभेच्या हातचे काम थोडे थोडे करून बाहेर गेले.

मग २०२२ आले. निवडणूक लांबण्याची कारणे खरी होती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने घातलेल्या तीन अटी, प्रभागांची संख्या २२७ की २३६ हा वाद, प्रलंबित याचिका. पण राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात नगरपालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक, असे स्पष्ट लिहिलेले आहे. कारणे कितीही खरी असली तरी चार वर्षे हा काळ समर्थनीय नाही. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचे आदेश द्यावे लागले आणि मुंबईत मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. या अवधीत २०२३ ला ५२,६१९ कोटींचा, २०२४ ला ५९,९५४ कोटींचा आणि २०२५ ला ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला. मांडणारे आयुक्त आणि मंजूर करणारे प्रशासकही तेच. रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची सहा हजार कोटींहून अधिक रकमेची कामे याच काळात दिली गेली. ती कामे चांगली की वाईट, हा माझा मुद्दाच नाही. एखाद्या वॉर्डातल्या खोदलेल्या रस्त्याबद्दल तिथल्या माणसाने कोणाकडे जायचे आणि त्याच्या वतीने आयुक्तांना उभे राहून कोणी विचारायचे, हे शहराला चार वर्षे सांगता येत नव्हते. १८७१ च्या करदात्यांची तक्रार नेमकी हीच होती.

यावर एक उत्तर नेहमी मिळते आणि ते देणारी माणसे काही वाईट हेतूने देत नाहीत. नगरसेवक नव्हते तेव्हा कामे लवकर झाली, स्थायी समितीतली टक्केवारी थांबली, सभागृहात गोंधळ आणि घोषणांशिवाय होतेच काय, असे ते म्हणतात. स्थायी समितीबद्दल मुंबईकरांच्या मनात जी अढी आहे ती अकारण नाही. अनेक वर्षांच्या अनुभवातून ती बसली आहे. सभागृहात राजदंड पळवण्याचे प्रकारही झाले आहेत. पण टक्केवारीवर उपाय म्हणजे चर्चा बंद करणे असेल, तर बंद खोलीत टक्केवारी होत नाही असे आपण गृहीत धरतो, आणि तसे मानायला कोणताही आधार नाही. सभेत निदान विरोधक असतो, पत्रकार असतो, इतिवृत्त असते. गोंधळाचीही नोंद होते. प्रशासकाच्या सहीमागे काय चर्चा झाली याची नोंद कोण ठेवतो?

म्हणून मला संवर्धनाचा अर्थ वाढवायचा आहे. कोल्हापूरचा टाऊन हॉल बघा: चार्ल्स मँटने आखलेली १८७०च्या दशकातली ती सुरेख इमारत आज वस्तुसंग्रहालय आहे आणि ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तूंसाठी ती उत्तम जागा आहे. तिथे वापर बदलला, त्यात काही बिघडले नाही. पण मुंबई पालिकेच्या मुख्यालयाबद्दल ‘नवे सुसज्ज कार्यालय बांधू, जुनी इमारत संग्रहालय करू’ असा विचार जेव्हा जेव्हा पुढे येईल तेव्हा त्याला विरोध झाला पाहिजे. कचेऱ्या हलवा, हरकत नाही. त्यातल्या पुष्कळ आधीच बाजूच्या विस्तारित इमारतीत आणि वॉर्डांत गेल्या आहेत. सभा हलता कामा नये. देव्हारा कायम ठेवून त्यातला देव दुसरीकडे नेला तर उरते ते नुसते लाकूडकाम.

आता नगरसेवक पुन्हा निवडून आले आहेत. अशा वेळी सगळे आपोआप पूर्ववत होईल असे समजण्यात धोका आहे, कारण २०२२ पूर्वीचे सभागृहही लोकांसाठी फारसे उघडे नव्हते. १८८८ च्या कायद्यातच तरतूद आहे की पालिकेची सभा सर्वांसाठी खुली असावी. उपस्थित सभासदांनी बहुमताने ठरवले तरच एखादी चर्चा बंद दाराआड व्हावी. प्रत्यक्षात प्रवेशद्वारावरचा पहारा, पास, ओळखपत्र, ओळखीचा नगरसेवक हे सगळे ओलांडून सभा ऐकायला जाणारा सामान्य मुंबईकर विरळाच. हेरिटेज वॉकला आलेला माणूस सभागृह बघतो ते रिकामे, सुट्टीच्या दिवशी. हे उलटे व्हायला हवे. सभेच्या दिवशी, चर्चा चालू असताना लोकांना गॅलरीत बसता आले पाहिजे. शाळांच्या सहली त्या दिवशी आल्या पाहिजेत. अर्थसंकल्पावरची चर्चा कुर्ल्यातल्या, मालवणीतल्या माणसाला मोबाइलवर थेट दिसली पाहिजे. संसदेचे आणि विधिमंडळाचे कामकाज आपण घरी बसून पाहतो, मग हजारो कोटींचा अर्थसंकल्प असलेल्या शहराचे का नाही?

जुन्या इतिवृत्तांचे काय, हाही प्रश्न संवर्धनाचाच आहे. १८७३ पासूनच्या सभांमध्ये पाण्यावर, गटारांवर, प्लेगवर, मराठी शाळांवर, चाळींवर जे बोलले गेले तो मुंबईचा सगळ्यात प्रामाणिक इतिहास आहे, कारण तो भांडताना बोलला गेला आहे. त्यातली इतिवृत्ते स्कॅन करून मराठी आणि इंग्रजीत शोधता येतील अशी सगळ्यांसाठी उपलब्ध करावीत. दर्शनी भाग धुण्यापुसण्याला जेवढे प्राधान्य मिळते तेवढे या कागदांना मिळायला हवे. आणि दरवाज्याशी, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी, सीताराम खंडेराव वैद्य आणि व्यंकू बाळोजी काळेवार यांची नावे मराठीत मोठ्या अक्षरांत लागली पाहिजेत.

यातल्या एकाही गोष्टीला राज्य सरकारची परवानगी, नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. थेट प्रक्षेपण, गॅलरीचा खुला प्रवेश, इतिवृत्तांचे डिजिटायझेशन आणि नावांचा फलक, या चारही गोष्टी एका ठरावात बसतात. तो मांडायला २२७ पैकी एक नगरसेवक पुरे आहे, आणि तो पहिल्या वर्षातच मांडला जावा, अशी माझी त्या सगळ्यांकडे मागणी आहे.